बाईसाहेबांची वाटी

पहिल्यांदा तिनं त्याला पाहिलं तेव्हा त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर दाढीचा साबण होता, आणि त्याच्या कुत्र्याचं तोंड तिच्या मांजराच्या वाटीत होतं.

सकाळची वेळ होती. रात्रभर पडून दमलेला पाऊस आता नुसता पागोळ्यांतून ठिबकत होता. घरामागे एक लांब व्हरांडा होता आणि दोन बिऱ्हाडांची स्वयंपाकघरं त्या एकाच व्हरांड्यात उघडत. तेव्हा अशी घरं पुष्कळ असत. शेजाऱ्याच्या फोडणीवरून त्याचं आज कुणाशी भांडण झालंय ते कळायचं. शेजारचं बिऱ्हाड बरेच दिवस रिकामं होतं. आदल्या संध्याकाळीच तिथं कुणीतरी राहायला आलं होतं. तिनं नेहमीसारखे उकडलेले मासे कुस्करून वाटीत घातले, वाटी व्हरांड्यात ठेवली आणि ती आत वळली. तेवढ्यात मागून लपलप ऐकू आलं. मांजर तर अजून पायरीवर अंग ताणत बसलेलं... मग हे कोण?

डोकावून पाहते तर एक तांबूस, गोलमटोल कुत्रा. पहिल्या सणाला आलेल्या जावयासारखा निवांत जेवत होता.

"अरे ए! हाड! हाड म्हणते ना!"

कुत्र्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहून ओठ चाटले आणि परत वाटीत तोंड घातलं. शेजारचं दार धाडकन उघडलं. बनियनवरचा एक तरुण हातात ब्रश घेऊन बाहेर आला.

"ढब्बू! अरे लाज आण जरा! — माफ करा हं. तो... एरवी सभ्य आहे."

"दिसतंय."

"नवीन घर आहे ना. त्याला अजून आपलं कुठलं, परक्याचं कुठलं, कळत नाही."

"वाटीत काय आहे ते बरोबर कळलं!"

तो हसला. हसताना गालावरचा फेस ओघळून बनियनवर पडला. तिनं हसू दाबायला तोंड फिरवलं, आणि तिथंच खरं तर सगळं सुरू झालं. पण तिला ते कळायला पुढे पुष्कळ मासे लागले.

ती आत्याजवळ राहायची. आत्यानंच तिला लहानाचं मोठं केलं होतं. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. मांजराचं नाव बाईसाहेब, आणि ते कुणी मुद्दाम ठेवलेलं नव्हतं. त्यांच्याकडे बघून दुसरं काही तोंडात येतच नसे. वय झालं होतं, एक मागचा पाय आखडला होता, पण तोरा तसाच. शेजारचा तो आईबरोबर राहायचा. मामाच्या दुकानात वजनकाटे दुरुस्त करायचा. सगळ्या बाजारात त्याला काटेवाला म्हणत. त्यानं हात लावलेल्या काट्यावर कुणी शंका घेत नसे.

आठ-पंधरा दिवसांत कुत्र्याचं पोट बिघडलं आणि बाईसाहेबांचा चेहरा उतरला. जनावरांच्या डॉक्टरकडे दोघं एकाच बाकावर बसली, तिच्या मांडीवर पिशवी, त्याच्या पायाशी साखळी. डॉक्टर फाटक्या तोंडाचे होते.

"हा मांजराचं खातो ना? वासच येतोय. मांजराचं अन्न याला जड आहे, आणखी फुगेल. आणि तुमच्या या बाई?"

"याची वाटी चाटायला जातात," ती म्हणाली. "आपलं गेलं म्हणून रागानं याचं खातात."

"मांजराला ते पुरत नाही. डोळे अधू होतील, हृदय कमजोर होईल. याचं यानं खायचं, हिचं हिनं. वाटी उंचावर ठेवा."

"पायामुळे उडी मारता येत नाही हो त्यांना."

"मग जेवण होईस्तोवर राखण करा. दोघांनी!"

'दोघांनी' म्हणताना डॉक्टर जनावरांविषयी बोलत होते की माणसांविषयी, हा प्रश्न तिला पुढे कितीतरी वर्षं पडला.

दार लावून जेवायला घालावं म्हणाल तर तेही करून झालं होतं. बाईसाहेबांनी जन्मभर व्हरांड्यात जेवण केलेलं. दार लावलं की त्या वाटीला पाठ करून बसत. आणि ढब्बूला कोंडलं की तो असा गळा काढी, की गल्लीतली माणसं चौकशीला येत. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन वाट्या, आणि मध्ये दोन माणसं. ढब्बूचं जेवण म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंत. बाईसाहेबांचं मात्र सावकाश. एक घास, मग मिशा पुसणं, मग आभाळाकडे पाहणं, मग आणखी एक घास... तोवर तो कुत्र्याचा पट्टा धरून उकिडवा बसे, आणि ती वाटीजवळ स्टुलावर.

"तुमच्या बाईसाहेब जेवतात की उपकार करतात?"

"तुमच्या ढब्बूला चव तरी कळते का? विचारा त्याला, आत्ता काय खाल्लं."

"त्याला विचारायला कशाला हवं? मी पण तसाच आहे. आई म्हणते, ताटात काय वाढलं तेही बघत नाही."

"मग लक्ष असतं कुठे?"

त्यानं पट्टा उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तिनं वाटीकडे पाहिलं. वाटी केव्हाच रिकामी झाली होती...

काकू, म्हणजे त्याची आई, दारातून हाक मारायच्या, "अरे, मांजर जेवून झोपलं सुद्धा! या आता!" मग दोघं एकदम उठत आणि एकदम आपापल्या दारांत शिरत, कुणीतरी चोरी पकडल्यासारखी.

एकदा तिच्या लक्षात आलं, काट्यावरच्या बारीक खुणा वाचताना तो डोळे बारीक करतो. "दुकानात या," ती म्हणाली. "नाहीतर एक दिवस सगळा बाजार फसवाल." तो खरोखरच आला, भांग पाडून, धुतलेला शर्ट घालून. मालक जेवायला गेले होते. तिनं नंबर पाहून काचा घातल्या, फ्रेम त्याच्या कानांवर बसवली. दांडी जरा सैल होती म्हणून ती पुन्हा वाकली; तिच्या बोटांना त्याच्या कानाची पाळी लागली, चटका बसावा इतकी गरम.

"दिसतंय नीट?"

"हो."

"समोर बघा ना. माझ्याकडे काय बघताय?"

"समोर तुम्हीच आहात." आणि मग अगदी हळू, "तुमच्या गालावर तीळ आहे... हा आधी नव्हता."

"आधीपासूनच आहे."

"मग मीच उशिरा पाहिला."

त्या दुपारी तिनं कुणा गिऱ्हाइकाची उजवी काच डाव्या बाजूला बसवली आणि मालकांची बोलणी खाल्ली. तरी दिवसभर गुणगुणत होती.

असं चाललं होतं, आणि चालतच राहिलं असतं. पण मामांनी त्याच्यासाठी दूरच्या शहरात काम पाहिलं. वजनकाटे बनवायचा मोठा कारखाना, राहायला खोली, पुढे वर चढायला वाव. काकू हरखून गेल्या. त्यानं संध्याकाळी पट्टा धरून बसल्या बसल्या सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची बातमी सांगावी तसं.

"जाणार मग?" तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखा यावा म्हणून तिनं वाटी उगाच सरकवली.

"जावं तर लागेल. पण आईचे गुडघे असे, ढब्बूला धरून ती बसू शकत नाही. मामांना म्हटलं, याच्या जेवणाची काहीतरी व्यवस्था लावतो, मग जातो."

"कसली व्यवस्था?"

"बघतो... एक यंत्र करीन म्हणतो."

त्यानं ते केलंही. दुकानातल्या जुन्या काट्यांचे भाग जोडून एक फळी केली, तिच्या टोकाला पेटी, पेटीत वाटी आणि वाटीवर झाकण. फळीखालून एक दांडी बाजूला आलेली आणि तिच्यावर सरकवायचं वजन; किती भार चालायचा ते त्यावर ठरे. फळीवर बाईसाहेब चढल्या की झाकण वर जायचं. त्यांच्यापेक्षा जड कुणी चढलं की झाकण बंद. बाईसाहेबांना टोपलीत घालून त्यानं टांगत्या काट्यावर तोललं, तेव्हा त्या भर बाजारात अब्रू गेल्यासारख्या ओरडल्या.

पहिल्याच दिवशी ढब्बूनं एक पाय, फक्त एकच पाय, अलगद फळीवर ठेवला. झाकण वर. मासे गट्ट.

"एरवी सभ्य आहे," ती म्हणाली.

"हुशार पण आहे, हे मला माहीत नव्हतं." तो इतका हसला की चष्मा पुसावा लागला.

मग त्यानं फळी लांब केली, पुढे दोन्ही बाजूंनी आडोसा केला, अंगानं वर चढल्याशिवाय तोंड पोचू नये असा. या वेळी ढब्बू चढला, झाकण बंद झालं, तो बिचारा पेटी हुंगत राहिला. यंत्र चाललं. काकूंनी टाळी वाजवली. आत्या दारातून म्हणाली, "वा! आता तू सुटलास बाबा."

त्या रात्री तिला अन्न गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानातून लवकर येऊ लागली. यायची, आणि आत्या देवळाकडे फिरायला गेली की बाईसाहेबांना स्वयंपाकघरात घेऊन बसायची. थोडे मासे. आणखी थोडे. वर सायीचं बोट. "खा गं," ती कुजबुजायची, "माझ्यासाठी खा." बाईसाहेबांनी इतक्या आनंदानं कधी कुणासाठी काही केलं नव्हतं.

काही दिवसांनी संध्याकाळी बाईसाहेब फळीवर चढल्या आणि झाकण त्यांच्याच नाकासमोर बंद झालं.

तो वाकून पाहू लागला. "कमाल आहे! पुन्हा तोलायला हवं."

तोललं. वजन वाढलेलं. त्यानं दांडीवरचं वजन सरकवलं. मग परत वाढलं. परत सरकवलं. आणि तोवर अर्थातच वाटी पेटीबाहेर काढून राखण चालू राहिली, आणि जाणंही पुढे ढकललं गेलं. मामा दुकानात चिडचिड करत, पण त्याला काही त्याचं वाटत नव्हतं. तिला वाटलं, आपण जिंकतोय.

एका सकाळी आत्यानं बाईसाहेबांना उचललं आणि 'अगं बाई' म्हणून खाली ठेवलं.

"चिऊ, ही या वयात पोटुशी आहे की काय?"

"काहीतरीच काय आत्या!"

"मग ढोली कशानं झाली? तो पाय बघ, टेकवत नाही ती."

खरंच टेकवत नव्हत्या. त्या संध्याकाळी फळीवर चढताना बाईसाहेबांचा आखडलेला पाय घसरला, त्या आडव्या पडल्या आणि तशाच पडून राहिल्या. ओरडल्या नाहीत, तेच तिला लागलं. तिनं त्यांना पदरात घेतलं. माया लावणाऱ्या मुक्या जिवाला आपण सबब म्हणून वापरतोय, हे तिला स्वतःलाच सहन झालं नाही. जाऊ दे तो, तिनं ठरवलं. जायचं असेल तर जाऊ दे. रडायचं ते मी रडेन, हिनं का लंगडावं?

मासे मोजके झाले. साय बंद. बाईसाहेबांनी घर डोक्यावर घेतलं, पण ती बधली नाही. हळूहळू पोट उतरलं, चाल सुधारली. रोज संध्याकाळी ती फळीकडे बघायची: आज झाकण उघडणार... आज तो म्हणणार, झालं एकदाचं.

झाकण काही उघडेना.

"अजून जडच दिसतात," तो म्हणायचा आणि चष्मा नाकावर वर ढकलायचा.

"पण हलक्या वाटतात हो हातात."

"हाताचं काय खरं असतं? काटा म्हणतो ते खरं."

पण सुट्टीच्या दिवशी बाईसाहेबांना पिशवीत घालून ती कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेली.

"एवढं जरा तोलून द्याल?"

"मांजर?" किराणावाल्यानं पिशवीत पाहिलं. "विकायचंय?"

"तुम्ही तोला तर!"

साखरेच्या पोत्यांशेजारी, दोन गिऱ्हाइकं टकामका बघत असताना, बाईसाहेब काट्यावर बसल्या. काटा थरथरला आणि थांबला. अगदी सुरुवातीला होतं तिथंच.

"तुमचा काटा बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

किराणावाल्याला राग आला. "अहो, तुमच्या शेजाऱ्यानंच परवा बघून दिलाय. त्याच्या हातचा काटा चुकेल? आजवर चुकलाय कधी?"

नाही. आजवर कधीच चुकला नव्हता.

तिला हसू फुटलं. आधी ओठांत, मग आवरेना तसं. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. मांजर छातीशी धरून ती निघाली. घरी येईपर्यंत भुरभुर पावसानं केस भिजले होते आणि छत्री काखेतच होती, हे आत्यानं सांगितल्यावर तिला कळलं.

संध्याकाळी वाट्या भरल्या. बाईसाहेब फळीवर चढल्या. झाकण बंद.

"अजून जडच—" त्यानं सुरुवात केली.

"नवा चष्मा आहे ना डोळ्यांवर?"

"हो... का?"

"मीच बसवलाय. त्यातून चुकीचं दिसायचं नाही." ती स्टुलावरून उठली नाही. "आज आम्ही किराणावाल्याकडे जाऊन आलो. तिथं यांचं वजन बरोबर भरतं. तुमच्याच हातच्या काट्यावर."

ढब्बूचा पट्टा त्याच्या हातून सुटला. नशीब, ढब्बूचं जेवण झालं होतं, तो लवंडला होता. काटेवाल्याचे कान लाल होत गेले, त्या दुपारी दुकानात झाले होते तसेच.

"ते वजन रोज सकाळी सरकवता?"

"...रोज नाही." तो जमिनीकडे बघत होता. "अधूनमधून. म्हणजे... हो, रोज."

"का?"

"झाकण उघडलं असतं, तर मी काय सांगून थांबलो असतो इथं?"

पन्हाळीतून पाणी पडत होतं तेवढाच आवाज. तिच्या मनात किती काय होतं! पण तोंडून निघालं ते एवढंच, "सुरुवातीला त्या खरंच जड झाल्या होत्या. मी खाऊ घालत होते. चोरून."

त्यानं मान वर केली. "तुम्ही?"

"मी."

"म्हणजे मी तिकडे सरकवतोय, तुम्ही इकडे..."

"आणि मध्ये ही बिचारी उपाशी! आधी ते जागेवर आणा. भूक लागलीय त्यांना."

त्यानं एका बोटानं वजन जागेवर सरकवलं. झाकण अलगद वर गेलं. बाईसाहेबांनी दोघांकडे एकदा पाहिलं, त्या नजरेत माफी बिलकूल नव्हती, आणि खायला सुरुवात केली.

"आता जावं लागणार," तो म्हणाला.

"जायलाच हवं. काम चांगलं आहे. ते सोडून इथं पट्टा धरून बसलेला मला चालणार नाही."

"तुम्हाला... चालणार नाही?"

"नाही. जा. फक्त जाण्याआधी आत्याला विचारून जा."

"काय विचारू?"

"तेही मीच सांगायचं का?"

तो उभा राहिला. शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला, चष्मा काढला आणि परत घातला. दारापर्यंत जाऊन मागे वळला, "नाही म्हणाल्या तर?"

"जा हो!"

तो आत गेला. आयुष्यात तिनं पुढे पुष्कळ वाट पाहिली. गाड्यांची, दवाखान्याच्या दारांची, परगावी गेलेल्या लेकरांची. पण आत तो आणि आत्या बोलत होते तेवढा वेळ कधी सरणारच नाही असं तिला तेव्हा वाटलं होतं. शब्द ऐकू येत नव्हते. त्याचा अडखळता आवाज, मग शांतता. मग एक भांडं पडल्याचा आवाज. मग आणखी शांतता.

तो बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या..." तो तिच्या शेजारी पायरीवर मटकन बसला. "म्हणाल्या, इतके महिने रोज दोन्ही वेळा दाराआड उभी राहून तुमचं बोलणं ऐकतेय. पाय मोडले माझे. विचारायला एवढा उशीर करतात का?"

ती ओंजळीत तोंड लपवून हसू लागली. हसता हसता रडू लागली. त्यानं तिचा एक हात चेहऱ्यावरून काढून आपल्या हातात घेतला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "ए... रडतेस काय?"

जनावरं केव्हाच जेवून आपापल्या घरांत निघून गेली होती. दोन्ही वाट्या चाटूनपुसून रिकाम्या होत्या. राखण करावी असं आता तिथं काहीच नव्हतं. तरी पार अंधार पडून दोन्ही स्वयंपाकघरांतले दिवे लागेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली, आणि त्या संध्याकाळी कुणीही त्यांना आत यायला हाक मारली नाही.